ताईंना विचारा : मॉलमध्ये गेल्यावर जेवायचं कुठे?

मागच्या अंकात सुट्टीत घरच्यांना घेऊन कुठे फिरायचं यावर लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की मॉलमधल्या खाण्याबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा. तर पत्रं आली, मेसेज आले, भरपूर आले, आणि बहुतेक सगळे ठाणे नाहीतर नवी मुंबईतले. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण ज्यात इतरांचाही प्रश्न सुटेल अशी घेतली आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही कासारवडवलीला राहतो. सासू-सासरे सांगलीहून महिनाभर राहायला आलेत. दोघंही सत्तरीच्या पुढचे, सासऱ्यांना शुगर आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. मुलांना त्यांना मॉल दाखवायचाच आहे. रविवारी गेलो तर फूड कोर्टमध्ये जेवावं की बसून जेवायच्या हॉटेलात? सासरे आधीच म्हणतायत एवढे पैसे कशाला घालवता, मला तर टेन्शनच आलंय.

अगं, टेन्शन घेऊ नकोस, पण रविवार बदलता येतो का ते आधी बघ. मुलांच्या शाळेला आठवड्यात मध्येच आलेली एखादी सुट्टी, नाहीतर साधी बुधवार-गुरुवारची संध्याकाळ, काहीही चालेल. रविवारच करायचा असेल तर मग साडेबाराला जेवायलाच बसायचं, फिरणं नंतर. कारण काय होतं, घरातून निघेपर्यंत अकरा, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत बारा, मग पोरं म्हणतात आधी वर जाऊ, आधी खेळू, आणि जेवायची आठवण होते तेव्हा दोन वाजलेले असतात. त्या वेळेला कुठल्याही मोठ्या फूड कोर्टमध्ये उभं राहून बघ. एका खुर्चीवर कुणाची पर्स, दुसरीवर ओढणी, जेवणाऱ्या माणसाच्या अगदी पाठीला लागून पुढचं कुटुंब उभं, त्यांची नजर ह्याच्या ताटातल्या शेवटच्या घासावर. हातात गरम ट्रे, पायात लहान पोरगं, आणि टेबल पुसणारा मुलगा एकटा वीस टेबलं सांभाळतोय. सत्तरीच्या माणसाला त्या गर्दीत उभं ठेवायचं नाही. आणि सासऱ्यांची गोळी किंवा इन्सुलिन ठरलेल्या वेळेला असेल तर जेवण दोन वाजेपर्यंत लांबवणं बरोबरच नाही, शुगर खाली गेली की चक्कर येते, घाम फुटतो, मग सगळ्यांचाच दिवस जातो. पर्समध्ये बिस्किटाचा पुडा आणि थोडी साखर ठेवच.

आता कुठे. तुमच्यासाठी मी बसून जेवायचं हॉटेल म्हणेन. फूड कोर्टच्या खुर्च्या बऱ्याच ठिकाणी जमिनीला पक्क्या बसवलेल्या असतात, पुढे-मागे सरकत नाहीत, हात टेकून उठायला आधार नसतो, गुडघेदुखीवाल्यांना ते फार जड जातं. आवाजही इतका की सासूबाई काही बोलल्या तर तुला ऐकू येणार नाही. हॉटेलात पाठ टेकून बसता येतं, पाणी आणून मिळतं, आणि मुख्य म्हणजे भाजी तिखट नको, पोळी मऊ हवी असं वेटरला सांगता येतं.

थाळीवालं हॉटेल निवडलंस तर एक गोष्ट आधी विचारून घे. अनलिमिटेड थाळीत माणशी पैसे असतात, खाल्लं कमी तरी पैसे पूर्ण, आणि एका थाळीत दोघांनी खाल्लेलं चालत नाही. सासरे दीड फुलका आणि थोडा भात खाणार असतील तर ते बिल बघून त्यांना पुढचे चार दिवस झोप लागणार नाही. त्यापेक्षा साउथ इंडियन हॉटेल बरं पडतं, इडली, उत्तप्पा, दहीभात, सगळं मऊ आणि पटकन येणारं. शुगरसाठी जेवणापेक्षा पेयांवर लक्ष ठेव. मॉकटेल, आइस टी, लस्सी यांत साखर भरपूर जाते. ताक किंवा मीठ घातलेला लिंबू सोडा सांग, आणि "साखर अजिबात नको" हे ऑर्डर देतानाच सांग. चायनीज ग्रेव्हीत कॉर्नफ्लोअर असतं तेही लक्षात ठेव. ज्या कंपन्यांची दहा किंवा जास्त दुकानं आहेत त्यांना १ जुलै २०२२ पासून मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी लिहाव्या लागतात, किमतीच्या शेजारीच बारीक अक्षरात असतात, त्या बघून निवडायला सोपं जातं.

मॉल कुठला? तुमच्या रस्त्यावरचे दोन. विवियाना २०१३ला सुरू झाला, नाव आता लेक शोअर झालंय पण आपल्या तोंडात विवियानाच. तिथे चॉइस जास्त पण पसारा मोठा, चालणं खूप. कोरम २००९चा, कॅडबरी जंक्शनजवळ, लहान आहे म्हणून म्हाताऱ्या माणसांना सोपा. कुठेही गेलात तरी आत शिरल्या शिरल्या चौकशीच्या काउंटरवर व्हीलचेअर मागून घे. सासूबाई आधी नको म्हणतील. नातवाने ढकलायची म्हटल्यावर बसतील. सरकता जिना टाळा, लिफ्टनेच जा, आणि टॉयलेट ज्या मजल्यावर जवळ आहे तिथलंच हॉटेल बघा.

आणि पैशांचं म्हणशील तर मेनूकार्ड त्यांच्या हातात देऊच नकोस, तुम्हीच विचारून ऑर्डर द्या, बिल नवऱ्याने काउंटरवर जाऊन भरावं. अगदीच वाटलं तर मॉल फक्त बघायला आणि कॉफीला ठेवा आणि जेवायला नौपाड्यात या, गोखले रोड-राम मारुती रोडवर आपल्या चवीची हॉटेलं आहेत आणि सासऱ्यांना भावही पटतील.

प्रश्न : वाशीच्या एका मॉलमधल्या रेस्टॉरंटमध्ये आम्ही सहा जण जेवलो. बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. काढा म्हटलं तर मॅनेजर म्हणाला ही आमची पॉलिसी आहे, मेनूवर लिहिलंय. पाण्याची बाटलीही छापील किमतीपेक्षा महाग लावली. आम्ही भांडण नको म्हणून पैसे दिले. हे कायदेशीर आहे का?

सर्व्हिस चार्ज सक्तीने घेता येत नाही, मेनूवर लिहिलं असलं तरी नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं होतं की तो बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने लावायचा नाही, आणि दिला नाही म्हणून कुणाला आत यायला किंवा सेवेला नकार द्यायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. २८ मार्च २०२५ला न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी १ लाख रुपये भरायला लावले. द्यायचा की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवायचं, सेवा आवडली तर खुशाल द्या, वेटरच्या हातात टीप दिली तर अजून चांगलं.

तुमच्या पत्रातलं "भांडण नको म्हणून" हे वाचून वाईट वाटलं, कारण भांडायची गरजच नसते. कार्ड किंवा फोन बाहेर काढायच्या आधी बिल शांतपणे वाचायचं आणि म्हणायचं, "सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्या." एवढंच. तो पॉलिसी म्हणाला तर "मी १९१५ला फोन लावते" म्हणायचं. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. बऱ्याचदा फोन लावायची वेळच येत नाही. नवीन बिलात जीएसटीही कमी झाला पाहिजे, तो बघा, कारण सर्व्हिस चार्ज लावला की जीएसटी त्याच्यावरही लागतो, म्हणजे जे द्यायचंच नाही त्याच्यावर तुम्ही टॅक्स भरता. मॉलमधल्या साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, बिलावर अडीच आणि अडीच असा दोन ओळींत येतो, एसी असो नसो. १५ नोव्हेंबर २०१७ पासून असंच आहे. फूड कोर्टमधला एखादा छोटा दुकानदार कम्पोझिशन स्कीममध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या कर योजनेत, असेल तर त्याला तुमच्याकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही, त्याच्या बिलावर तसं लिहिलेलं असतं.

पाण्याची बाटली मात्र वेगळी भानगड आहे. टेबलावर बसून जेवताना हॉटेलने छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर ते चालतं, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ला तसा निकाल दिलाय, कारण तिथे नुसती बाटली विकत नाहीत, बसायची जागा, गारवा, सेवा हे सगळं त्यात धरलं. म्हणून त्यावर वाद घालू नका, साधं पाणी मागा. "बाटलीतलं चालेल ना?" असं वेटर विचारतो आणि आपण मान डोलावतो, तिथेच पैसे जातात. "साधं" हा शब्द आधीच उच्चारायचा. पण मॉलमधल्या सुपरमार्केटमधून किंवा दुकानातून बंद बाटली विकत घेतली, बसणं नाही, सेवा नाही, तर तिथे एमआरपीच. जास्त घेतले तर बिल जपून ठेवा आणि वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करा.

प्रश्न : आम्ही ऐरोलीचे चार-पाच मित्रमैत्रिणी, कॉलेजला आहोत. महिन्यातून एकदा मॉलला जातो. माणशी दोनशेच्या वर परवडत नाही. सीवूड्सचा मॉल, वाशीचा इनऑर्बिट, रघुलीला, कुठे जाऊ आणि काय खाऊ म्हणजे पोट भरेल?

दोनशेत पोट भरतं रे, फक्त प्रत्येकाने वेगळं कॉम्बो घ्यायचं नाही. कॉम्बोमध्ये पैसे कशाचे जातात तर कोल्ड्रिंकचे आणि त्या चिप्सचे. तुम्ही पाच जण आहात, सगळ्यांचे मिळून हजार धरा आणि एका माणसाने सगळ्यांची ऑर्डर द्यायची. दोन राइस, एक नूडल्स, एक ग्रेव्ही आणि वर एक मोठा पिझ्झा, नाहीतर तीन डोसे आणि दोन पावभाजी, जास्तीचे पाव घेऊन. पाण्याच्या बाटल्या घरून भरून आणा, पाण्याला सहसा कुणी अडवत नाही, आणि फूड कोर्टमध्ये प्यायच्या पाण्याचा नळ किंवा कूलर असतोच, नुसता कोपऱ्यात असतो म्हणून दिसत नाही. विचारायचं.

सीवूड्सचा नेक्सस मॉल स्टेशनच्या डोक्यावरच आहे, ऐरोलीहून पनवेल लोकल पकडली की उतरून थेट आत, रिक्षाचे पैसे वाचले. वाशीला रघुलीला स्टेशनला लागूनच आणि इनऑर्बिट थोडं चालून. तुमच्या बजेटला मी वाशी म्हणेन, कारण मॉलमध्ये हिंडून बाहेर पडलात की सेक्टर १७ला खायला स्वस्त आणि चांगलं मिळतं, म्हणजे मॉलमध्ये फक्त आइस्क्रीम खायचं आणि जेवण बाहेर.

अजून एक सुचवते, मॉल नाही पण तुम्हाला आवडेल. तुर्भ्याचं आयकिया. डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालं, तुमच्याच लाइनवर, आणि आत मोठं रेस्टॉरंट आहे, आपला ट्रे आपण घ्यायचा, ढकलत न्यायचा, शेवटी पैसे. त्यांचे ते प्रसिद्ध मीटबॉल्स इथे चिकनचे मिळतात आणि व्हेजवाल्यांसाठी भाज्यांचे गोळे असतात. शनिवार-रविवार नको, कॉलेज सुटल्यावर एखाद्या मंगळवारी जा, खिडकीशी जागा मिळेल आणि कुणी उठवायला येणार नाही.

काही मॉलमध्ये अजून फूड कोर्टचं कार्ड घ्यावं लागतं, आधी पैसे भरायचे मग काउंटरवर कार्ड दाखवायचं. तिथे लागेल तेवढेच भरा. आणि निघताना उरलेले पैसे परत घ्यायला लाइनीत उभे राहा, कंटाळा करू नका, साठ-सत्तर रुपये म्हणजे तुमचं जायचं-यायचं तिकीट निघतं. आधी विचारायचं की यूपीआय चालतं का, चालत असेल तर कार्ड कशाला.

प्रश्न : ठाण्यासारख्या शहरात, जिथे निम्म्या घरांत मराठी बोलतात, तिथल्या मॉलमध्ये मराठी जेवण का मिळत नाही? पिठलं-भाकरी, थालीपीठ, भरली वांगी, काहीच नाही. पंजाबी, चायनीज, इटालियन सगळं आहे. मनापासून राग येतो.

तुमचा राग मला कळतो कारण तो माझाही आहे. पण मॉलवाल्यांना मराठी नको म्हणून असं होतं हे मला पटत नाही, कारण वेगळं आहे आणि ते समजलं तर मार्गही दिसतो.

फूड कोर्टमधलं दुकान म्हणजे किती जागा? पुढे काउंटर, मागे दोन माणसं एकमेकांना धक्का न लावता उभी राहतील एवढं किचन. भाडं सहसा असं असतं की ठरलेली किमान रक्कम किंवा विक्रीचा काही टक्के हिस्सा, जे जास्त निघेल ते, वर मेंटेनन्स वेगळा. म्हणजे शनिवार-रविवारच्या त्या तीन-चार तासांत जेवढी ताटं जातील त्याच्यावर महिना निघतो. म्हणून जे पदार्थ आधी कुठेतरी मोठ्या किचनमध्ये अर्धे तयार करून आणता येतात, इथे फक्त गरम करून वरून सजवता येतात, ते तिथे टिकतात. पंजाबी ग्रेव्ही बादलीने येते. नूडल्स उकडून येतात. पिझ्झाचा बेस येतो. आता भाकरी घ्या. भाकरी आधी करून ठेवली की वातड होते. गरम पाण्यात पीठ मळायचं, एकेक गोळा हातावर थापायचा, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकलं की उलटायची, मग विस्तवावर फुगवायची. हात कितीही सराईत असला तरी एका बाईच्या हातून तासाला निघून निघून किती भाकऱ्या निघणार? आणि बहुतेक फूड कोर्टमध्ये उघड्या विस्तवावर बंधनं असतात. थालीपिठाचं तेच, मंद आचेवर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी, घाई केली की आतून कच्चं. टोकन घेऊन उभा असलेला माणूस पाच मिनिटांनी चिडतो.

पण मग जे चालू शकतं ते तरी का नाही? वडापाव चालतो ना! २००१ मध्ये मालाडला जम्बो किंग सुरू झालं आणि २००४ मध्ये आपल्या कल्याणात गोली वडापाव, दोघांनी वड्याला साखळी दुकानात नेऊन दाखवलं. मिसळीचा रस्सा मोठ्या पातेल्यात तयार असतो, मोड आलेली मटकी तयार असते, फरसाण कोरडं, पाव बाहेरून येतात, जुळवायला अर्धा मिनिट. कोथिंबीर वडी वाफवून ठेवलेली, कापायची आणि तळायची. साबुदाणा वडा, बटाटा वडा, झुणका, वांग्याचं भरीत, मसालेभात, सोलकढी, अळूवडी, सगळं काउंटरला बसणारं आहे. भाकरीच्या जागी घडीची पोळी ठेवा. यात भांडवल घालायला कुणीतरी मराठी माणसाने पुढे यायला पाहिजे आणि आलं की आपण तिथे जाऊन खाल्लंही पाहिजे. आपण मॉलमध्ये गेल्यावर म्हणतो हे तर घरी रोज होतं, आणि पनीर मागवतो. मग दुकान सहा महिन्यांत बंद पडतं. हे बोलायला कडू आहे पण मी दोनदा असं दुकान बंद पडताना बघितलंय, मालक आमच्या ओळखीचा होता, चव घरच्यासारखी, आणि रविवारी त्याच्या काउंटरवर माणसं नव्हती आणि शेजारच्या चायनीजला रांग.

तोपर्यंत काय करायचं तर मॉल आणि जेवण वेगळं करायचं. ठाण्यात तर सोपं आहे. मामलेदार कचेरीशेजारची मिसळ १९४६ पासून चालू आहे, जागा साधी, बसायला बाकडं, पण तिखट रस्सा समोर आला की घाम पुसत खाल्ली जाते, आणि मीडियम का तिखट हे विचारल्यावर पहिल्यांदा जाणाऱ्याने मीडियमच म्हणावं. स्टेशनजवळ कुंजविहारचा मोठा वडापाव. सकाळी मिसळ खाऊन मग मॉल करा, दुपारी फूड कोर्टची गरजच पडत नाही, नुसती कॉफी पुरते.

प्रश्न : आमच्याकडे श्रावण कडक पाळतात आणि शेजारचं जैन कुटुंब आमच्याबरोबर असतं. व्हेज बोर्ड बघून जावं तर तळणीचं तेल एकच असेल का ही शंका. शिवाय त्यांच्या धाकट्या मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. मॉलमध्ये काय बघून खावं?

अ‍ॅलर्जीपासून सुरू करते, ते सगळ्यात आधी. आपल्या महाराष्ट्रातल्या खाण्यात दाण्याचं कूट कुठे असेल सांगता येत नाही, साबुदाणा खिचडी, कोशिंबीर, भरल्या भाज्या, चटण्या, वरून शेंगदाणा तेल. म्हणून "यात शेंगदाणे आहेत का" एवढं विचारून पुरत नाही. विचारायचं, "कूट आहे का, तेल कुठलं, तळायचं तेल कुठलं, आणि ह्याच चमच्याने दाण्याचं काही वाढता का?" कॅलरी लिहायचा नियम ज्या मोठ्या कंपन्यांना आहे त्यांना अ‍ॅलर्जीची माहितीही द्यावी लागते, ती मेनूवर नाहीतर त्यांच्या वेबसाइटवर असते, निघायच्या आधी घरी बसून वाचून ठेवायची. काउंटरवरच्या मुलाला माहीत नसेल तर मॅनेजरला बोलवायला सांगायचं, आणि त्यालाही नक्की सांगता येत नसेल तर तिथून उठायचं. डॉक्टरांनी दिलेलं औषध आईच्या पर्समध्ये हवं, गाडीत नाही.

आता शाकाहाराचं. शंका असेल तर जिथे फक्त व्हेजच बनतं अशाच दुकानातून घ्या, साउथ इंडियन, पावभाजी, चाटवाले बहुतेक तसे असतात. जिथे दोन्ही मिळतं तिथे थेट विचारा की फ्रेंच फ्राइज आणि चिकन एकाच तेलात तळता का. मॅकडॉनल्ड्सने भारतात आल्यापासून व्हेज आणि नॉनव्हेजचं किचन वेगळं ठेवलंय, व्हेज मेयोनीजमध्ये अंडं नसतं, त्यामुळे मुलांनी हट्ट केला तर तिथे थोडं निर्धास्त. चायनीजमध्ये मात्र सॉस बघा, ऑयस्टर सॉस हा कालवांचा असतो आणि व्हेज नूडल्समध्ये चुकून पडू शकतो. पॅकबंद वस्तूवर हिरव्या चौकोनात हिरवा गोल म्हणजे शाकाहारी, तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. जुना तपकिरी गोल आता बदलून त्रिकोण झालाय, रंग न ओळखणाऱ्यांनाही कळावं म्हणून.

जैन जेवणाला तुम्ही पटकन पावभाजी सांगाल तर ती जैन म्हणून वेगळी करून देतात, बटाट्याऐवजी कच्चं केळं घालून, पण तवा तोच असेल तर वेगळा पुसून घ्यायला सांगा. डोसा सांगाल तर सांबारात कांदा, बटाटा भाजीत कांदा, तेव्हा साधा डोसा आणि खोबऱ्याची चटणी. तीही विचारून, कारण काही ठिकाणी चटणीत लसूण असते, आणि कुठे कुठे डाळ्यांबरोबर दाणेही वाटतात, म्हणजे त्या मुलीसाठी परत तोच प्रश्न. श्रावणी सोमवारचा उपास असेल तर मॉलमध्ये फळं, ताज्या फळांचा रस, दूध एवढंच धरून चला. फ्राइज उपासाला चालतात म्हणून काहीजण खातात पण मीठ आणि तेल दोन्ही साधंच असतं, तुमचं कडक असेल तर नको.

प्रश्न : नेरूळहून लिहितेय. माझं बाळ नऊ महिन्यांचं आहे आणि आईला डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलंय. आमचा डबा मॉलमध्ये किंवा सिनेमाला नेला तर चालतो का? सिक्युरिटीवाले बॅग उघडून बघतात तेव्हा फार लाजल्यासारखं होतं.

लाजायचं काय त्यात, बाळाचं खाणं आहे ते. थिएटरबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये निकाल दिलाय की बाहेरचं खाणं आणू नका असं थिएटरवाला सांगू शकतो, तो त्याचा अधिकार, पण प्यायचं स्वच्छ पाणी त्याने फुकट ठेवलं पाहिजे, आणि आईवडिलांनी तान्ह्या बाळासाठी बेताचं खाणं आत नेलं तर थिएटरवाल्यांनी अडवायचं नाही. तेव्हा पेज, खिमट, दुधाची बाटली वेगळ्या छोट्या पिशवीत वर ठेवायची आणि पिशवी तपासायच्या आधीच "बाळाचं आहे" म्हणून दाखवायची. नाही म्हणाले तर ड्युटी मॅनेजरला बोलवा. गरम पाणी कुठलाही कॉफीवाला देतो, फक्त बाळाला देण्याआधी मनगटावर थेंब टाकून बघा, ते कॉफीच्या मशीनचं असतं, फार कढत. आणि बाळाला पाजायला बहुतेक मोठ्या मॉलमध्ये वेगळी खोली असते, लेडीज टॉयलेटजवळ पाटी शोधायची.

आईच्या डब्याचं मात्र फूड कोर्टमध्ये प्रत्येक मॉलचा आपापला नियम असतो आणि बऱ्याच ठिकाणी बाहेरचं नको अशीच पाटी दिसते. तुम्ही बाकीचे तिथूनच घेऊन खाताय आणि आई शेजारी बसून आपली भाकरी-भाजी खातेय तर सहसा कुणी बोलत नाही. कुणी बोललंच तर डॉक्टरांचा कागद फोनमध्ये ठेवा आणि सरळ सांगा की आजारामुळे बाहेरचं बंद आहे. बसून जेवायच्या हॉटेलात आधी फोन करून विचारा, एका पथ्याच्या माणसाचा डबा आणला तर चालेल का, आणि फोनवर कोण बोललं त्याचं नाव लिहून ठेवा. सीवूड्सला गेलात तर एक सोय आहे, घर दोन पावलांवर, नेरूळ ते सीवूड्स एकच स्टेशन. आईला अकराला घरी जेवू घालून निघालात आणि तीनपर्यंत परत आलात तर डबा न्यायची वेळच येणार नाही, तिथे तिने नुसतं नारळपाणी घेतलं तरी चालेल, पण तेही डॉक्टरांना विचारून, किडनीचं पथ्य असेल तर नारळपाणी नको.